मण्यार की कवड्या: कातीने उत्तर दिलं, रुकईने खोडा घातला

जुन्नरच्या आपल्या सर्पमित्रांच्या नोंदवहीतला 'मण्यार / कवड्या?' हा रकाना या पावसाळ्यात पहिल्यांदाच मोकळा होतोय. पेच तोच जुना: मण्यार जहाल विषारी, कवड्या बिनविषारी, आणि पट्टे दोघांनाही. कॉल येतो, आपण पोचेपर्यंत साप भिंतीच्या फटीत, आणि घरच्यांच्या हातात नुसती कात. पट्टे मानेपासून (कवड्या) की मागून (मण्यार), हे कितीही घोटून घेतलं तरी कातीत रंग फिकट. त्यात मण्यारीच्या पिल्लाला पुढेही पट्टे असतात.

मी पट्टे बघणंच सोडलंय. कात कोमट पाण्यात भिजवायची, हलक्या हाताने उलगडायची आणि मोबाईलला मॅक्रो लेन्स लावून पाठीची मधली ओळ बघायची. मण्यारीचे कण्यावरचे खवले मोठे, षटकोनी; कवड्याचे शेजारच्यांएवढेच. ओतूरकडच्या एका घरात पोटमाळ्यावरच्या कातीत ती ओळ स्वच्छ दिसली तेव्हा फार आनंद झाला. घरातले सगळे जमिनीवर झोपायचे. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, चावलेलं अनेकदा कळतही नाही. खाटा आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी, दोन्ही त्याच संध्याकाळी ठरलं.

मग बांधावरच्या काती घेतल्या आणि गाडी अडली. मधली ओळ मोठी, पण कात चाबकासारखी बारीक: रुकई, झाडावरचा बिनविषारी साप! मांजऱ्या या सौम्य विषारी सापाचे मधले खवलेही जरा मोठेच. शरीराच्या मध्यावरच्या ओळी मोजल्या तर मण्यारीच्या 15, कवड्याच्या 17, पण रुकईच्याही 15. डोळे दुखेपर्यंत बघितल्यावर सुटका शेपटीखाली सापडली. मण्यारीला तिथे खवल्यांची एकच ओळ. कवड्या, रुकई, मांजऱ्या तिघांनाही दुहेरी. म्हणून आता पाठीवरची मोठी ओळ आणि शेपटीखालची एकेरी ओळ, दोन्ही खुणा जुळल्या तरच 'मण्यार' लिहायचं. शेपूट तुटलेली असेल तर 'अनिश्चित'. आणि कात ताणली जाते, तिची लांबी सापाची म्हणून नोंदवू नका.

येत्या प्रशिक्षणात पाइप-पिशवी (साप पाइपातून पिशवीत घेणं) आधी घेणार होतो. आता काती आधी, कारण नवख्यांना जिवंत सापाजवळ न जाता खवले वाचता येतात. चिमट्यांचा विषय मात्र सोडणार नाही: ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त चिमट्यांनी सापाच्या बरगड्या मोडतात, हुक आणि पाइपवरच हात बसवा.

हे लिहिताना सुचलं, रस्त्यावर चिरडलेल्या सापांनाही हीच खूण चालेल. पट्टे गेलेले असले तरी शेपटी बऱ्याचदा शाबूत असते. सर्वेक्षणाच्या तक्त्यात 'शेपटीचा खालून फोटो' हा रकाना आजच वाढवतो. उलटवायला काठीच वापरा, मेलेल्या विषारी सापाचं डोकंही चावू शकतं.

काती गोळा करून ठेवण्याबद्दल वनविभागाला विचारतोय. तोवर जागेवरच फोटो काढा. होकार आला की कागदात गुंडाळून आणा, ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते.