आमच्या गल्लीची भिंत आणि कानबाई
जळगावात आमच्या गल्लीतील समाजमंदिराची भिंत रंगवायचे ठरले, तेव्हा चित्रकाराने तयार आराखडा बाजूला ठेवून आधी घरोघरी विचारणा केली, हे मला विशेष भावले. तरुणांना केळीच्या बागा हव्या होत्या. वयस्क बायकांनी मात्र श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणाऱ्या कानबाईचाच, म्हणजे खानदेशातल्या घरोघरी पुजल्या जाणाऱ्या देवीचाच, आग्रह धरला. कानबाई म्हणून चौरंगावर मांडलेल्या नारळाला चित्रकाराने उजवीकडे नथ काढताच एका आजींनी, "भाऊ, नथ डावा नाकमा ऱ्हास," (नथ डाव्या नाकपुडीत असते) असे अहिराणीत बजावून ती तिथल्या तिथे पुसायला लावली. अशी दुरुस्ती बाहेरचा जाणकार करू शकला नसता.

रंगांची निवड मात्र मतांवर सोडता येत नाही. येथे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पश्चिमेकडील भिंतीवरचा भडक गुलाबी रंग लवकर विटतो, तर गेरूसारखे लोहयुक्त मातीचे रंग टिकून राहतात. जवळच्या अजिंठ्यातील चित्रांतही ते दिसतात. भिंतीला लोणा (ओलीमुळे वर येणारा क्षारांचा थर) लागला असेल, तर तो खरवडून, गिलावा पूर्ण वाळवूनच अस्तर द्यावे लागते.

देणगीदारांची नावे लिहिण्याची सूचना बैठकीत फेटाळली गेली (थोडी कुरकुर झालीच), आणि त्या जागी मुलांनी कानबाईच्या नैवेद्याचे रोट रंगवले.