डिझर्टेशनला आर-१ प्लाझ्मिड घेतलं होतं, माझा अनुभव

वडोदऱ्यात एमएस्सी करताना डिझर्टेशनला मी आर-१ प्लाझ्मिड (बॅक्टेरियातला मुख्य डीएनएपासून वेगळा गोल डीएनए) घेतलं. अँपिसिलिन, कानामायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल अशा बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणारी जीन्स त्या एकाच गोल डीएनएवर असतात आणि ते एका बॅक्टेरियातून दुसऱ्यात जातं, पण सतत जात नाही, मला तेच बघायचं होतं.

काम असं की डोनर (देणाऱ्या) ई. कोलाय बॅक्टेरियात आर-१, रेसिपियंट (घेणारा) नॅलिडिक्सिक ॲसिड या अँटिबायोटिकला न मरणारा, दोन्ही एलबी या द्रव खाद्यात मिसळून ३७ डिग्रीला न हलवता ठेवायचे, मग व्होर्टेक्स मशीनवर जोरात हलवून जोड्या तोडायच्या आणि कानामायसिन नि नॅलिडिक्सिक दोन्ही घातलेल्या प्लेटवर पसरायचं, तिथे प्लाझ्मिड मिळालेला रेसिपियंटच उगवतो. नुसत्या डोनरची आणि नुसत्या रेसिपियंटची प्लेट सोबत लावायचीच, ती कोरी नाही आली तर बाकी आकडे फुकट. मे महिन्यात दांडिया बाजारातून भर दुपारी लॅबला निघायचे, आई म्हणायची ऊन उतरू दे गं, पण कल्चर लॉग फेजला (भराभर वाढीच्या टप्प्यात) असतानाच मिसळावं लागतं.

आर-१ च्या प्लेटवर मोजक्या कॉलनी. आर-१-१९, म्हणजे त्याचाच, पसरण्यावरचा ब्रेक गेलेला म्युटंट, त्याच्या प्लेटवर खूप डायल्यूट करूनही मोजता येईनात! ब्रेक असा: ट्रान्सफरची जीन्स ट्राजे प्रोटीन चालू करतं, आणि फिनपी नावाचा छोटासा उलटा आरएनए ट्राजेच्या एमआरएनएला (प्रोटीन बनवायच्या निरोपाला) चिकटून बसला की प्रोटीन बनवणाऱ्या रायबोसोमला जागाच उरत नाही. फिनपी एकटा लवकर तुटतो, त्याला फिनओ प्रोटीन सांभाळतं. लेडरबर्ग आणि टेटमना १९४६ मध्ये कॉन्जुगेशन (बॅक्टेरियांनी जोडी लावून डीएनए देणं) दिसलं ते एफ प्लाझ्मिडमुळे, त्याच्या फिनओ जीनमध्ये आयएस-३ हा जागा बदलणारा डीएनएचा तुकडा घुसलेला आहे म्हणून ते इतकं भराभर जातं.

गाइड मॅडमनी विचारलं, एवढं दाबून ठेवलंय तर पसरतं कसं गं? मला हा प्रश्न सगळ्यात आवडला. नव्या बॅक्टेरियात प्लाझ्मिड पोचतं तेव्हा तिथे फिनपी-फिनओ साठलेले नसतात, ते साठेपर्यंत काही पिढ्या प्लाझ्मिड मोकळं, आणि शेजारी आणखी रेसिपियंट असले की पुढे पुढे जातच राहतं. मेटिंगची (दोन्ही एकत्र ठेवायची) वेळ वाढवत गेले तसा आर-१ चा आकडाही चढत गेला (बॅक्टेरिया नुसते वाढूनही कॉलनी वाढतात, म्हणून दरवेळी एकूण रेसिपियंट मोजून भागायचं). त्यामुळे ब्रेक असलेलं प्लाझ्मिड कमी धोक्याचं, हे मला अजिबात पटत नाही, आतड्यात रेसिपियंटांना काय तोटा.

व्हायवात पण याच चढत्या आकड्यांच्या ग्राफवर अडवलं, नीट सांगता आलं. कुणी हे काम घेणार असाल तर सुरुवातीचे टाइम पॉइंट जवळजवळ ठेवा, ब्रेक लागायच्या आधीचा काळ तिथेच सापडतो.