गिअर ऑइल मी घरी का बदलतो

माझी सॅन स्टॉर्म ही छोटी दोन सीटची गाडी ओळखणारे सांगलीत आता कमीच. पण ओळख झाली की दोन प्रश्न ठरलेले. गल्लोगल्ली गॅरेजं असताना गिअर ऑइल घरी का बदलता? आणि तासाभराच्या कामाला अख्खा रविवार कशाला? पहिल्याचं उत्तर मी आनंदाने देतो. दुसऱ्याचं देताना आवाज चढतो, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

पैसे वाचवायला नाही. बऱ्याच ठिकाणी पिंपातलं एकच ऑइल सगळ्या गाड्यांना जातं. जीएल-४ आणि जीएल-५ या गिअर ऑइलच्या प्रती. जीएल-५ मध्ये गिअरच्या दातांवरचा प्रचंड दाब सोसायला गंधकाची रसायनं जास्त असतात. काही डिफरन्शियलना, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरना, ती लागतातच. पण जिथे गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंग आहेत आणि कंपनीने जीएल-४ सांगितलंय, तिथे ते घालू नये. रिंगला पकड लागते. ती सुटली की गिअर करकरायला लागतो. डबा माझ्या हाताने उघडला की ही शंका राहत नाही.

आता रविवारचं. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. गावभागात आमच्या दारातच गाडीच्या सीट बुडाल्या. पाणी ओसरल्यावर जो तो इंजिन ऑइल बदलत होता; गिअरबॉक्सचं नाव कुणी काढेना. "तो बंद असतो, त्यात पाणी जात नाही," हे जिथे जाईन तिथे ऐकलं. अहो, आतली तापलेली हवा बाहेर जायला त्याला वर ब्रीदर, म्हणजे हवेचं छिद्र असतं. गाडी बुडाली की पाणी तिथून आत शिरू शकतं.

शेवटी वडिलांच्या ओळखीचे एक मिस्त्रीकाका आले. दिवसभर चिखलातल्या गाड्या उघडून दमलेले, सोबत शाळकरी मुलगा. गाळ खरवडून त्यांनी विटा मांडल्या, विटांवर जॅक. उचललेली गाडी पेलून धरणारे स्टँड नाहीत. खाली सरपटून त्यांनी आधी ऑइल भरायच्या छिद्राचा प्लग सैल करून बघितला. हे अगदी बरोबर, कारण तो अडकला तर रिकामा केलेला गिअरबॉक्स भरणार कुठून? मग खालचा प्लग काढला. पाणी मिसळून दूध जास्त झालेल्या चहासारखं झालेलं ऑइल आलं. घमेलं भरत आलं तसे दुसरं घ्यायला काका बाहेर आले. माझ्या हातून त्यांनी ते घेतलं आणि वीट फुटली. गाडी एका अंगावर बसली. पहिलं घमेलं खाली चेपलं गेलं. काका होते तिथेच बसले. मुलगा टॉर्च धरून उभा होता. उजेड अजून गाडीखाली, काका जिथे पडून काम करत होते तिथेच होता. तो हलला नाही, बोलला नाही.

"लागलं नाही ना, मग झालं," म्हणत काका उठले आणि पुन्हा विटा जमवायला लागले. मी त्यांना गाडीखाली जाऊ दिलं नाही. शब्द वाढले. वडिलांना तो काकांचा अपमान वाटला, आजही वाटतो. चाळीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला तू शिकवणार? काकांचं आमच्याकडे येणं त्यानंतर बंद झालं.

म्हणून रविवार इथे जातो. अंगणात सपाट कोबा करून घेतलाय. जॅक फक्त उचलायला. गाडी चार स्टँडवर, चॅसीच्या लोखंडाला टेकवून, कारण बॉडी फायबरची आहे. मग जोर लावून हलवून बघायची. चारही बाजू सारख्या उचलायच्या, नाहीतर भरताना पातळी चुकते. ऑइल कोमट हवं, पण सायलेन्सरचा पाइप निवेपर्यंत थांबायचं. प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा असला तर काळजी नाही, तुकडे दिसले तर आहे. वॉशर नवा. भरायच्या छिद्रातून ऑइल ओघळायला लागलं की भरणं थांबवायचं. यातलं अवघड काहीच नाही, वेळखाऊ सगळं.

पुराआधी मी पोरांना सांगायचो, घरी करा, सोपं आहे. तेव्हा मी खोटं बोलत नव्हतो. काम खरंच सोपं आहे. पण आता तसं सांगायला जीभ रेटत नाही. परवा विश्रामबागेतला एक कॉलेजचा मुलगा गाडीसोबत आलेला जॅक दाखवून विचारत होता, यावर होईल का? म्हटलं, नाही, गॅरेजला दे. तो म्हणाला, "तिथे तरी स्टँड कुठे लावतात? मी नाही तर दुसरा कुणीतरी खाली झोपणारच ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडी माझ्या अंगणात आण, एवढं म्हणालो. त्याच्या वडिलांना ते अजून पटलेलं नाही.