उजनीकडे जाणारं आमच्या बाथरूमचं पाणी

मे महिन्यात आई लातूरहून आली. पहिल्याच सकाळी अंघोळीला गेली आणि आतून हाक आली, "अगं, एक रिकामी बादली दे गं." गीझर लावल्यावर गरम पाणी येईपर्यंत नळाला जे गार पाणी येतं, ते तिला सोडवेना. मी मात्र ते रोज सोडून देत होते. तिनं धरलेलं पाणी मी नंतर मापून बघितलं, साडेचार लिटर भरलं. घरात आम्ही चौघं, म्हणजे नुसतं वाट बघण्यात रोज अठरा लिटर.

मला फार लागलं ते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा मी माहेरीच होते. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पहिल्या गाडीनं पाच लाख लिटर पाणी आणलं. त्या उन्हाळ्यात आम्ही घमेल्यात उभं राहून अंघोळ करायचो आणि साठलेलं पाणी संडासला वापरायचो. पुढं पुण्यात वाघोलीला राहायला आले आणि दोन वर्षांत हे सगळं अंगातून गेलं. तेही अशा ठिकाणी, जिथं आमची सोसायटी उन्हाळाभर टँकर विकत घेते.

आई असतानाच ठरवलं, आधी मोजायचं. शॉवरखाली बादली ठेवून एक मिनिट लावलं, नऊ लिटर. लेकीची अंघोळ आठ मिनिटांची, म्हणजे बहात्तर लिटर. बादलीत पाणी घेऊन केली की अठरा लिटरांत होते. शहरांच्या पाणीयोजना आखताना माणशी दिवसाला 135 लिटर धरतात. त्यातलं निम्म्याहून जास्त एका शॉवरमध्ये जात होतं. गरम पाण्याचा हिशोब वेगळाच. पंधरा लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला साधारण एक तृतीयांश युनिट वीज लागते. कमी पाणी तापवलं की बिलही उतरतं, हे लेकीला लगेच पटलं. शॉवर आता फक्त केस धुवायच्या दिवशी, तोही साबण लावताना बंद.

फ्लशनं मात्र दमवलं. जुनी टाकी, एका वेळी दहा लिटर. दिवसाला वीस वेळा धरलं तरी दोनशे लिटर, तेही पिण्यायोग्य पाणी. आधी लिटरभराची बाटली वाळूनं भरून, झाकण घट्ट लावून टाकीत ठेवली. तेवढी जागा बाटलीनं अडवली की तेवढं पाणी वाचतं. एका बाटलीनं जमलं म्हणून तीन ठेवल्या. मग एका फ्लशमध्ये साफ होईना, दोनदा ओढावं लागायला लागलं आणि खर्च आधीपेक्षा वाढला. शेवटी प्लंबरला बोलावून दोन बटणांचा व्हॉल्व्ह बसवला, एक बटण जास्त पाण्याचं, एक कमी पाण्याचं. तो म्हणाला, "ताई, तुमचं भांडं जुनं आहे, त्याला सहा लिटर पुरायचे नाहीत, आठ-चारवर लावतो." त्याचं बरोबर होतं. दोनशेचे आता शंभर झालेत. दिवसातून तीन-चार वेळा कपडे धुतलेलं पाणी बादलीनं ओततो. हळूहळू ओतलं तर काम होत नाही, अर्धी बादली एकदम, जोरात ओतावी लागते. हे पाणी त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलं की कुबट वास मारतो.

पाणी किती, याबरोबर पाण्यात काय जातं हेही बघायला लागले. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेत, तिथून भीमेत आणि पुढं उजनी धरणात जातं. सोलापूर उजनीचं पाणी पितं. आणि उजनीचं पाणी लातूरला मिळावं, ही मागणी मी कित्येक वर्षं ऐकत आलेय. म्हणजे माझी माणसं ज्या पाण्याची वाट बघत बसलीत, त्यातच मी दर रविवारी अॅसिड ओतत होते. संडास साफ करायच्या नेहमीच्या बाटलीत हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं. टँकरच्या जड पाण्यामुळं भांड्याला जो पांढरा थर चढतो, तो चुन्याचाच असतो. त्याला किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक अॅसिड पुरतं. तीन चमचे रात्री टाकायचं, सकाळी ब्रशनं घासायचं. जुना थर निघायला चार रात्री लागल्या, घाई करून चालत नाही. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच यात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, उलट साय धरते, म्हणून आम्ही जास्तच साबण लावत होतो. आईनं साबणाऐवजी शिकेकाई, रिठा, नागरमोथा आणि कचोरा आणून दिला. रात्री भिजवून, सकाळी उकळून, दोनदा गाळून घेते. पहिल्यांदा एकदाच गाळलं आणि मोरीची जाळी तुंबली. अंग घासायला प्लॅस्टिकच्या जाळीऐवजी घोसाळ्याची वाळलेली जाळी आणि पायांना आईची वज्री.

आता पॅडबद्दल, कारण हे बोललंच पाहिजे. महिन्याला पंधरा, वर्षाला एकशे ऐंशी, आणि बहुतेक पॅडच्या पाठीला प्लॅस्टिक असतं. आमचा कचरा उचलणाऱ्या मावशींनी एकदा मला सांगितलं होतं, "ताई, उघडं टाकू नका, हातात येतं." त्या शब्दांनी मला झोप लागली नाही. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक स्त्रियांनी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायला लोकांना शिकवलं. तेव्हापासून ठिपका काढत होतेच, पण पॅडच वापरायचं नाही, हे या वर्षी जमलं. पाळीत पॅडऐवजी आत बसवायचा सिलिकॉनचा कप घेतला. पहिल्या पाळीत तो नीट उघडेना, ऑफिसमध्ये डाग पडला, मी रडले. दुसऱ्या पाळीत घरी सुट्टीच्या दिवशी सराव केला. तिसऱ्या पाळीला कप आहे हे विसरून झोपले. बारा तासांच्या आत रिकामा करायचा, हात धुऊनच हाताळायचा आणि पाळी संपली की पाण्यात उकळायचा. लेक अजून कापडी पॅड वापरते. तिला कपाची घाई मी करणार नाही.

टूथब्रशचं मात्र जमलेलं नाही. बांबूचा आणला होता, पण आमच्या दमट बाथरूममध्ये पंधरा दिवसांत त्याची मूठ काळी पडली, आणि केस त्याचेही नायलॉनचेच होते. सध्या प्लॅस्टिकचेच वापरतोय, जुने झाले की फरशीच्या फटी घासायला घेते. कुणी बांबूचा ब्रश तीन महिने नीट टिकवला असेल, तर तो कुठं आणि कसा ठेवता, ते मला जरूर सांगा.