आमची वाटचाल : सुपातल्या विडीपासून तव्यावरच्या भाकरीपर्यंत

परवा एका कॉलेजच्या मुलींनी येऊन विचारलं, की मॅडम, अख्ख्या वस्तीला गरिबीतून वर काढायचं तर उद्योजकाच्या अंगात काय गुण पाहिजेत? मी तेव्हा काहीतरी बोलले, जिद्द वगैरे. घरी आल्यावर वाटलं खरं उत्तर दिलंच नाही आपण. म्हणून लिहायला बसले.

आमचा कडक भाकरीचा गृहउद्योग २००९ साली सुरू झाला, सोलापूरजवळ कुंभारीला, गोदूताई परुळेकर वसाहतीत. ही विडी कामगार बायांची दहा हजार घरांची वसाहत, २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते लोकार्पण झालेली. कामगार नेते आडम मास्तरांच्या मागं वर्षानुवर्षं मोर्चे काढून बायांनी मिळवलेली घरं आहेत ही. आधी हे सांगायचं कारण असं की मला कुणी म्हटलं तुम्ही बायांना वर काढलं तर मला राग येतो. बाया आधीच उभ्या होत्या. भाड्याच्या खोलीत चुलीचा धूर केला तर घरमालक सामान बाहेर फेकतो, स्वतःचं दार असलं तर दारात भट्टी मांडता येते. आमचा धंदा त्या दारातच सुरू झाला.

माझी आई विडी वळायची. वडील मिलमध्ये होते, मिल बंद पडली आणि आईच्या सुपावर घर आलं. सूप मांडीवर, पानं भिजवून ठेवलेली, फर्मा ठेवून कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, टोक मोडून दोरा बांधायचा, पंचवीसचा कट्टा, असे चाळीस कट्टे झाले की हजार. मग कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथं तपासणारा बसायचा आणि छाट काढायचा. ही बारीक, ही सैल, ही वाकडी, म्हणत मूठ-मूठ बाजूला. छाटीचे पैसे नाहीत. आणि छाट परत पण देत नव्हता तो, ठेवून घ्यायचा! आई वाटेत एक शब्द बोलायची नाही. मी लहान होते तरी मला मोजता येत होतं.

त्यामुळं मी ठरवलं होतं, आपल्याकडं छाट नाही.

सुरुवातीला तिघी होतो. मी, शेजारच्या आक्का आणि त्यांची जाऊ. आक्का तेलुगू, त्यांचा हात भाताचा, भाकरी कधी थापली नव्हती. पण चाळीस वर्षं विडी वळलेली बोटं, किती दाब द्यायचा ते बोटांनाच कळायचं. दोन महिन्यांत त्यांची भाकरी माझ्यापेक्षा पातळ व्हायला लागली, काठ आणि मध्य सारखा. आपल्यात म्हणतात ना बाईच्या हाताला वळण पाहिजे, ते विडीनंच दिलं होतं. वसाहतीत असे हजारो हात मोकळे पडत होते, कारण विडीचं काम तेव्हा आठवड्यातून दोन-तीन दिवसांवर आलं होतं.

कडक भाकरी करणाऱ्यांना नव्यानं सांगायला नको, तरी सांगते, कारण लोक हल्ली काहीही विकतात. ज्वारी मालदांडीच पाहिजे, मंगळवेढ्याची. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्याकडं तिचं नाव आधीपासून आहे. आम्ही काढणी झाली की शेतकऱ्याकडून पोती उचलतो आणि कडुलिंबाचा पाला घालून ठेवतो. पीठ ताजं. चार दिवसांचं पीठ झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा जातो, मग कितीही उकळतं पाणी घाला, थापताना भाकरी चिरणारच. म्हणून २०११ ला पहिलं मोठं खर्चाचं काम केलं ते स्वतःच्या गिरणीचं. तवा जाड लोखंडी, लोहाराकडून करून घेतलेला, पत्र्याचा नको. आमच्यात प्रत्येक बाईचा तवा ठरलेला आहे, दुसरीच्या तव्याला कुणी हात लावत नाही. दोन्ही बाजू भाजल्या की काम संपत नाही, तिथून खरं काम सुरू होतं. तुराट्यांचा जाळ ओसरला की भट्टीच्या कडेनं भाकऱ्या उभ्या लावायच्या आणि मंद धगीवर पाणी पूर्ण जाऊ द्यायचं. मग निवू द्यायच्या. घाई केली की संपलं.

आमचे गार्डकाका एकच परीक्षा घ्यायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले, मुलगी पुण्याला. पाकीट फोडून भाकरी कानाजवळ धरायचे आणि नखानं टिचकी मारायचे. टण्ण वाजली तर घ्यायचे, दबका आवाज आला तर परत हातात द्यायचे, ‘ही उद्या वातड होईल, बाळ.’ सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत आमच्या स्टॉलवर आले ते पहिलं गिऱ्हाईक, मग दर महिन्याला हुतात्मा एक्स्प्रेसनं मुलीच्या सोसायटीसाठी तीस-चाळीस पाकिटं स्वतः घेऊन जायचे. एक रुपया कमिशन घेतलं नाही. पुण्यात आमची भाकरी पोचली ती कुठल्या एजंटमुळं नाही, त्यांच्या पिशवीतून.

मधली वर्षं चांगली गेली, बावीस बाया झाल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२०१८ चा पावसाळा मात्र सांगायलाच पाहिजे. पुण्याचा एक व्यापारी, नाव घेत नाही, आधी दोन बिलं उधारीवर माल नेऊन गोड बोलून गेला होता. त्यानं आठ हजार भाकरीची ऑर्डर टाकली, साडेसहा रुपयांनी, आणि दहा दिवसांची मुदत दिली होती ती फोनवर आठच केली, टेम्पो पाठवतोय म्हणाला. बाहेर झड लागलेली, तुराट्या ओल्या, भाकरी निवायला जागा नाही. आणि मी पिशव्या सील करायला सांगितल्या. आक्कांनी एकदा म्हटलं, ‘आत गरम हाय गं अजून.’ मी ऐकलं नाही. ही चूक माझी, मी ती कधी नाकारली नाही.

तीन हजार आठशे भाकऱ्या परत आल्या. चौदाशेंना बुरशी, बाकीच्या मऊ पडलेल्या. चौदाशे मी खड्ड्यात पुरल्या, जनावराला सुद्धा घातल्या नाहीत. पण उरलेल्या ४,२०० त्यानं विकल्या होत्या ना, त्यांचे २७,३०० आणि मागच्या दोन बिलांचे ३५,७००, एकूण ६३,००० रुपये. ते त्यानं अडकवून ठेवले. बदनामी झाली म्हणाला. फोन उचलायचा बंद झाला.

त्या शनिवारी मी जे केलं त्याची मला अजून रात्री आठवण येते. मजुरी भाकरीला दोन रुपये होती. मी परत आलेल्या भाकऱ्यांचे ७,६०० रुपये बायांच्या पाकिटातून वजा केले, जिची जेवढी तेवढी, हिशोब अगदी बरोबर. आक्कांनी पाकीट मोजलं, परत मोजलं, आणि माझ्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, ‘छाट काढलीस?’

मला उत्तर सुचलं नाही. पाकीट तिथंच काटवटीवर ठेवून त्या गेल्या.

सोमवारी नऊ बाया आल्या नाहीत. त्याच व्यापाऱ्यानं शेजारच्या भागात शेड घेऊन भट्ट्या टाकल्या होत्या आणि भाकरीला पन्नास पैसे जादा देत होता. आमचे पैसे अडकवून, आमच्याकडं शिकलेले हात उचलून, आमच्यासारखंच पाकीट काढलं त्यानं! ज्वारी हायब्रीड, भाकरी जाड, वर छापलेलं मंगळवेढा. मी स्वतः विकत आणून टिचकी मारून बघितली आहे. त्या नऊजणींचा मला राग नाही, मी छाट काढली नसती तर त्यातल्या निम्म्या तरी गेल्या नसत्या.

मी भिशी उचलली आणि पुढच्या शनिवारी ७,६०० रुपये दारोदार जाऊन परत दिले. आक्कांच्या घरी शेवटी गेले, भीती वाटत होती. त्यांनी पैसे घेतले, चहा केला, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांचा तवा चुलीवर होता. मऊ पडलेल्या चोवीसशे भाकऱ्या आम्ही दोघींनी पुन्हा धगीवर लावल्या, कडकडीत केल्या, हातानं चुरल्या आणि शेंगाचटणी घालून चुरा म्हणून पाकिटं केली. नेमकं काय झालं ते गार्डकाकांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले द्या, मी सांगूनच विकतो. आणि वर सहा महिन्यांच्या भाकरीचे पैसे आगाऊ ठेवून गेले. चुरा आज आमच्या विक्रीत भाकरीच्या खालोखाल आहे. भाकरी तुटली तरी बाईची मजुरी तुटत नाही, कारण तुकडा चुऱ्यात जातो.

तर त्या मुलींना माझं उत्तर हे. गोरगरिबांबद्दल कळवळा असलेले भरपूर असतात, त्या तपासणाऱ्याला पण असेल. तुमचे पैसे आले नाहीत तरी शनिवारी बाईचं पाकीट पूर्ण भरतं का, हे बघा. तोटा मालकाच्या डोक्यावर राहतो की हळूच खाली घसरतो, ते बघा. आणि धंदा टाकणाऱ्या पोरींनो, दुसरं बिल येईपर्यंत पहिलं मिळालं नाही तर तिसरा माल देऊ नका, गोड बोलणाऱ्याला तर नाहीच. पीठ विकत घेऊ नका, गिरणी घ्या. हिशोबाची वही कामाच्या जागी उघडी ठेवा, बायांना वाचता येत नसलं तरी त्यांच्या मुलींना येतं.

नऊपैकी चौघी परत आल्या. ती शेड दीड वर्षात बंद पडली. आता आम्ही चौतीसजणी आहोत. २०२३ ला भरडधान्य वर्ष म्हणून सगळीकडं ज्वारी-ज्वारी झालं तेव्हा ऑर्डरी वाढल्या, पण पावसाळ्यात मी मुदतीची ऑर्डर घेत नाही, कुणाचीही असो. गार्डकाका गेल्या वर्षी गेले. त्यांची मुलगी आता स्वतः फोन करते, आणि पाकीट मिळालं की टिचकीचा आवाज रेकॉर्ड करून पाठवते.

आक्कांची नात हिशोब बघते. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी वही घातली की ती जुनी येणी उतरवून काढते. सगळी येणी येतात-जातात, ६३,००० ची ओळ तेवढी तशीच. यंदा तिनं विचारलं, ‘मावशी, हे बुडीत धरू का?’

मी म्हटलं, नाही, उतरव.