एसीएलएस अभ्यासक्रम करताना

अतिदक्षता विभागात अनेक वर्षे काढलेल्या परिचारिकेला हृदय बंद पडलेला रुग्ण नवा नसतो. त्यामुळे अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या एसीएलएस, म्हणजे हृदय बंद पडलेल्या रुग्णाला वाचवण्याच्या प्रगत उपचारांच्या, अभ्यासक्रमाला मी नाव नोंदवले ते मुख्यतः रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या मूल्यांकनात अशा प्रशिक्षणाची विचारणा होते म्हणून. शुल्क मात्र मलाच भरावे लागले, आणि सुट्टीही माझ्याच खात्यातून गेली.

प्रवेशाआधी ऑनलाइन स्वयंमूल्यांकनात किमान 70 टक्के गुण लागतात. मॉनिटरवरचे हृदयाचे ताल रोज डोळ्यांखालून जात असल्याने तो भाग सोपा गेला. औषधांच्या मात्रा मात्र पाठच कराव्या लागल्या : अ‍ॅड्रेनलिन 1 मिलिग्रॅम दर 3 ते 5 मिनिटांनी, अमिओडॅरोन आधी 300 आणि गरज पडल्यास नंतर 150 मिलिग्रॅम.

प्रत्यक्ष वर्गात पहिला धक्का मॅनिकिनने, म्हणजे सरावाच्या पुतळ्याने, दिला. मिनिटाला छातीवर 100 ते 120 दाब (कम्प्रेशन), खोली 5 ते 6 सेंटिमीटर, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणे, हे सगळे तोंडपाठ असूनही दीड मिनिटानंतर पडद्यावरचा आलेख उथळ होत गेला, आणि गंमत म्हणजे दाब देणाऱ्याला आपण दमलो आहोत हे कळतही नव्हते. दर दोन मिनिटांनी माणूस बदलण्याचा आग्रह का, हे त्या आलेखाने समजावले.

खरी कसोटी मेगाकोडची, म्हणजे हृदय बंद पडल्याच्या पूर्ण प्रसंगाच्या रंगीत तालमीची. त्यात प्रत्येकाला पाळीपाळीने टीम लीडर व्हावे लागते, आणि आयुष्यभर डॉक्टरांच्या ऑर्डरी पाळलेल्या आम्हा सिस्टरांना इथेच अडखळायला होते. माझ्या गटात भूलशास्त्राचे एक निवासी डॉक्टर होते. ‘सर, जरा कम्प्रेशन घेता का?’ असे मी म्हणताच प्रशिक्षकांनी थांबवले : विनंती नको, नेमकी सूचना द्या, आणि समोरच्याने ती मोठ्याने परत म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यानंतर ‘अ‍ॅड्रेनलिन 1 मिलिग्रॅम, शिरेतून’, ‘1 मिलिग्रॅम देतोय... दिले’ अशी देवाणघेवाण सुरू झाली आणि गोंधळ लक्षणीय कमी झाला. मध्येच प्रशिक्षकांनी व्हीएफ, म्हणजे हृदयाची निव्वळ थरथर, बदलून पडद्यावर जवळजवळ नियमित ताल आणला. नाडी मात्र नव्हती. म्हणजे पीईए : हृदयात विद्युत ताल आहे, पण रक्त पुढे ढकलले जात नाही. तिथे विजेच्या शॉकचा उपयोग नाही. दाब चालू ठेवून रक्तस्राव, ऑक्सिजनची कमतरता, पोटॅशियमचा बिघाड, छातीत साठलेली हवा अशी कारणे शोधायची असतात.

लेखी परीक्षेला 84 टक्के लागतात. ती तुलनेने सोपी वाटली. कार्डाची मुदत दोन वर्षांची असली, तरी हातातले कसब काही महिन्यांतच ओसरू लागते. म्हणून आमच्या विभागात आता ड्युटीची पाळी सुरू होतानाच कोड ब्लूच्या (हृदय बंद पडल्याच्या तातडीच्या हाकेच्या) वेळी दाब कोण देणार, औषधे कोण देणार आणि वेळ कोण नोंदवणार हे फळ्यावर लिहिले जाते. निवासी डॉक्टरांची नावेही त्याच यादीत असतात. सुरुवातीला त्यावर थोडी कुरकुर झाली.