कांद्याची सालं कुठल्या पिशवीत? सोलमधल्या एका कंपल्सरी विषयाची गोष्ट

घरी फोन केला की बाबा हमखास विचारतात, तुझ्या मेन विषयाचं ठीक आहे गं, पण ते जागतिक नागरिक वगैरे काय शिकवतात तिकडे? म्हटलं सविस्तर लिहूनच टाकावं.

माझी युनिव्हर्सिटी ‘क्यूंग ही’, सोलच्या ह्वेगी स्टेशनपासून चालत जाता येतं. इथे २०११ पासून ह्युमॅनिटास कॉलेज म्हणून वेगळा विभाग आहे, तुम्ही मॅनेजमेंट करा नाहीतर डान्स, त्यांचे कोअर विषय सुटत नाहीत आणि त्यातलाच एक म्हणजे ‘जग आणि नागरिक’. यात नुसतं वाचून भागत नाही, ग्रुपने एक खराखुरा प्रश्न निवडायचा, बाहेर पडून त्यावर काम करायचं आणि मग वर्गासमोर मांडायचं.

आमच्या ग्रुपमधे दोन कोरियन, एक व्हिएतनामची, एक उझबेक आणि मी. प्रश्न निवडला तो माझ्याच गल्लीतला, कचऱ्याचा. कोरियात १९९५ पासून कचऱ्याच्या पिशव्या विकत घ्याव्या लागतात, जेवढा कचरा तेवढे पैसे, आणि खरकट्याची पिशवी वेगळी. आमच्या घरमालकीण आजी रोज सकाळी चुकलेल्या पिशव्या उघडून स्वतः परत वेगळ्या करायच्या, एकदा मी बघितलं तर हातमोजे घालून खरकट्यातून अंड्याची टरफलं, कोंबडीची हाडं आणि कांद्याची सालं वेचत होत्या, आणि ती सालं माझी होती. मला फार वाईट वाटलं. मग त्यांनीच समजावलं, खरकट्यापासून जनावरांचं खाद्य आणि खत बनतं, म्हणून जे जनावर खाणार नाही ते साध्या कचऱ्यात. किती सोपं आहे, पण आम्हा बाहेरच्या पोरांना कोणी आमच्या भाषेत सांगितलंच नव्हतं.

आम्ही चित्रांचं एक पान बनवलं, कोरियन, इंग्लिश, व्हिएतनामी आणि उझबेकमधे, आणि ते घेऊन दारोदार फिरलो.

या युनिव्हर्सिटीचे संस्थापक छो यंग-शिक मूळचे उत्तरेकडचे, आज जो भाग उत्तर कोरियात आहे तिथले, आणि १९८१ मधे आंतरराष्ट्रीय शांतता दिवसाची कल्पना त्यांनीच मांडली, त्याच वर्षी युनोने ती स्वीकारली. ज्याचं गाव सीमेपलीकडे राहिलं त्याला जग एक असावं असं वाटणं मला अगदी आतून पटतं.

आपल्याकडेही २०२० च्या शिक्षण धोरणात जागतिक नागरिकत्वाचा उल्लेख आहे आणि माझा भाऊ नाशिकला बीकॉमला व्हॅल्यू एज्युकेशनचे क्रेडिट्स घेतोय. पण मला माझा पर्यावरणाचा प्रोजेक्ट आठवतो, सीनियरची फाईल घेऊन अख्ख्या वर्गाने उतरवून काढलेला, गोदावरीवर वीस पानं लिहिली आणि नदीवर एकदाही कोणी गेलं नाही. विषय चांगलाच होता हो, फक्त आम्हाला कोणी घाटावर पाठवलं नाही, आणि याची मला आजही हळहळ वाटते. तुमच्या कॉलेजात असं बाहेर पाठवत असतील तर कमेंटमधे नक्की सांगा, मला खरंच ऐकायचंय.

सेमिस्टर संपलं, मार्क्स लागले, पान मात्र अजून गेटवर चिकटवलेलं आहे. काल आजींनी मला थांबवलं, वरच्या मजल्यावर नेपाळचा मुलगा राहायला आलाय, त्याच्या भाषेतही करून दे म्हणाल्या. लिपी आपलीच, त्यामुळे टायपिंग माझ्याकडे, रविवारी त्याच्याबरोबर बसणार आहे.